मंत्र्यांच्या दारातला ट्रे

संरक्षणमंत्र्यांच्या दारात पट्टेवाला म्हणून दादांचं आयुष्य गेलं. काम एकच. वर्दीतला माणूस आला की हिरवं कापड लावलेला ट्रे पुढे करायचा आणि म्हणायचं, "पिस्तूल इथं, साहेब." लोकांनी निवडून दिलेल्या माणसासमोर हत्यार घेऊन जायचं नाही, असा नियम होता. दादा तो अशा थाटात पाळत, की पिस्तूल काढताना भलेभले अधिकारी पोट आत घेत.

"तिकडे सेनापती तुमच्या हातात पिस्तुलं देतात," बायको म्हणे, "आणि इथं आपला नळ दुरुस्त करायला कुणी फिरकत नाही."

एका सकाळी सरसेनापती ट्रेकडे न बघताच पुढे निघाले. दादांनी ट्रे आडवा धरला.

"बाजूला हो."

"नियम आहे, साहेब."

बोलणं ऐकून मंत्री स्वतः बाहेर आले. प्रचारात त्यांचा आवाज अख्ख्या मैदानाला पुरायचा. आता तो उंबरठ्यापर्यंत जेमतेम पोचला. "अहो दादा, घरचीच माणसं ही. येऊ द्या की."

संध्याकाळी दादा बडतर्फ झाले. कारण, पाहुण्यांशी उद्धटपणा. सरकारी क्वार्टरही सोडायचं होतं.

"साहेब, नियम तुमच्यासाठीच होता," दादा म्हणाले.

"माझ्यासाठी होता ना? मग मीच सोडला." बोलण्यात मंत्र्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं.

सामान बांधून व्हायच्या आत सरकार गेलं. गोळी झाडावी लागली नाही. पिस्तूल आधीच आत पोचलं होतं. मग दादांना न्यायला जीप आली. बायकोनं रडत रडत दोन सदरे पिशवीत भरले.

"या इमारतीत मला अडवणारा एकच निघाला," सरसेनापती मंत्र्यांच्याच टेबलामागून म्हणाले. "असा माणूस माझ्या दारात हवा."

क्वार्टर राहिलं. नळ दुपारपर्यंत दुरुस्त झाला.

काही दिवसांनी माजी मंत्री आले. तुरुंगातल्या मुलासाठी रदबदली करायची होती. चौकशीत त्यांचा एक पाय कामातून गेला होता. काठी टेकत आले.

दादांनी ट्रे पुढे केला. "काठी इथं, साहेब."

"अहो दादा, घरचाच माणूस मी."

"नियम आहे."

काठी ट्रेमध्ये मावेना. दादांनी ती जरा तिरकी करून नीट बसवली. माजी मंत्री भिंतीला धरून आत गेले आणि भिंत संपल्यावर गुडघ्यांवर.

दादांनी दार ओढून घेतलं आणि हिरव्या कापडावर पडलेली माती झटकली.