हिक्कडुव्याची हातभर भरती

विमान कोलंबोवर उतरायला लागलं, तशी आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "अगो बाय, इथं पन माडच हायेत!"

"मग घरीच बसायचं ना," बाबा म्हणाले. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, यांना ओढून आणलंय. खरं तर तीन दिवस आधी बॅग भरून तयार होते ते. बॅगेत सगळ्यात वर पंचांग.

नायगावच्या खाडीकाठी शेती करण्यात जन्म गेलेल्या या दोघांना मी श्रीलंकेला का नेत होते? आईसाठी. टीव्हीवर पोवळ्यांतून फिरणारे निळेपिवळे मासे पाहिल्यापासून तिने एकच ध्यास घेतला होता, एकदा पाण्यात डोकं घालून ते बघायचे. आमच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी आपले पाय दिसत नाहीत. २००२ साली श्रीलंकेत युद्धबंदी झाल्याचं वाचलं आणि मी रजा टाकली.

पहिल्या सकाळी आप्प (वाटीच्या आकाराचं कुरकुरीत घावन) आणि पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी) समोर आलं. बाबांनी चार आप्प रिचवले आणि "चटनीत मीठ कमी" असा शेरा मारून पाचवा मागितला. तेव्हा श्रीलंकेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे होती; घड्याळ मात्र त्यांनी पुढे करायला साफ नकार दिला.

बेंतोटाच्या नदीत होडीने तिवरांमधून फिरलो. हातभर अंतरावरून मगरीएवढी घोरपड पोहत गेली. मी किंचाळले, आईने माझा दंड धरला आणि बाबा तिवरांची पानं चुरगाळून बघत म्हणाले, "आपल्याच जातीची हायेत."

चौथ्या दिवशी हिक्कडुवा. किनाऱ्यापासून जवळच पोवळ्यांचा बांध, आत स्वच्छ, हिरवं पाणी. होडीवाल्याचं नाव सुनील निघालं, तेव्हा आईला तो गावचाच वाटला. त्याने तिला नारिंगी जाकीट चढवलं, हातात काचेचा मुखवटा दिला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "लवकर चला. बारानंतर वारा सुटतो, पाणी गढूळ होतं." दुपारी आमची परतीची गाडी होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

तेवढ्यात बाबांनी पंचांग मिटलं. "आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती. नवापासून पानी चडतंय. आता कोनी आत जायाचं नाय."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्या खाडीचा हिशेब. तो सहसा चुकत नाही. एकदाच चुकला होता. बाबांनी पंचांग न बघता तिथी सांगितली, आणि त्यांचा धाकटा भाऊ, आमचा भाऊकाका, कालवं काढायला चिखलात गेला तो परत आला नाही. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. बाबांच्या हिशेबापुढे आईने कधी पाऊलही टाकलं नाही.

सुनीलने कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "इथे पाणी एवढंच चढतं."

"हातभर?" बाबा हसले. "आपल्या खाडीत दोन पुरुस पानी चडतं!"

मग त्यांनी खाडीवर करतात तेच केलं. माडाच्या झावळीची एक काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि समोर बसले. आई जाकिटासकट शेजारी बसून तांबिली (केशरी शहाळं) पीत राहिली. मला बाबांचा राग आला होता, आणि आई काहीच बोलत नाही याचा त्याहून जास्त. अकरा वाजले. पाणी काठीवर चार बोटं चढलं होतं. साडेअकराला पाच.

आईने शहाळं खाली ठेवलं, उठली, ती काठी उपटली आणि बाबांच्या हातात दिली.

"अवो, ही खाडी तुमची नाय. एक टोक तुमी धरा, एक मी धरते."

बाबांनी काठीचं एक टोक घट्ट धरलं. मग पँट दुमडून पाण्यात उतरले. छातीभर पाण्यात आईने डोकं खाली घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. बाबांची काठीवरची मूठ पांढरी पडली होती. आई वर आली ती हसतच. "बगा तरी!"

बाबांनी मुखवटा लावला. खाली वाकले. वर आले तेव्हा पाणी डोळ्यांतलं की समुद्रातलं, कळत नव्हतं.

"भाऊला दाखवाला पायजे होतं गो," ते म्हणाले.

वारा सुटेपर्यंत आम्ही पाण्यातच होतो. गाडी चुकता चुकता मिळाली.

नायगावला परतल्यावर शेजारीपाजारी विचारायला आले, काय काय पाहिलं? बाबा काठीपासून सुरुवात करायचे, हातभर भरतीवर सगळ्यांना हसवायचे आणि मग म्हणायचे, "आमचा भाऊ असता ना, तर तो पलीकडच्या बांधापर्यंत गेला असता." मग भाऊकाका कसा पोहायचा, कसा चिडवायचा, हे तासभर चालायचं. मी ते सगळं पहिल्यांदाच ऐकत होते. आई आतून चहा आणायची आणि दारातच उभी राहून ऐकायची.

लोक दूर देशातून शंख-शिंपले आणतात. आम्ही भाऊकाकाला घरी आणलं.