दूधकट्ट्यावरच्या मामी

आमच्या दूधकट्ट्यावरच्या मामी गिऱ्हाईक समोर उभं असल्याशिवाय म्हशीच्या कासेला हात लावत नसत. बादलीतलं दूध विकणं त्यांना मान्यच नव्हतं. धार थेट पेल्यात, आणि पेला फेसासकट हातात. "मागनं कुणी म्हणाय नको, पाणी घातलंय म्हणून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तीस वर्षं फळ्यावर लिहिणारा हात उशीवर नुसता पडून असायचा. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज येऊन व्यायाम करवून घेई, काठी देऊन अंगणापर्यंत चालवी. ती गेली की मी भिंतीकडे तोंड करून पडे. उठायचं कुणासाठी, हेच कळेनासं झालं होतं. शेवटी बायकोनं मामींना विनवलं, निदान दूध तरी घरी पाठवा.

मामी स्वतः आल्या, रिकाम्या हातांनी. "मास्तर, दूध घरला येत नसतंय. तुमी यायचं."

"अहो, त्यांना धड चालता येत नाही!" बायको कडाडली.

"व्हय की. म्हणूनच."

दुसऱ्या सकाळी निव्वळ रागाच्या भरात मी निघालो. फिजिओथेरपिस्ट सोबत होती. दोनशे पावलांना पाऊण तास लागला. कट्ट्यावर बघतो तर नेहमीची आठ-दहा माणसं रिकामे पेले घेऊन उभी! मामींनी धारच काढली नव्हती. शिरोलीच्या फौंड्रीतून रात्रपाळी करून आलेला दत्ता उभ्या उभ्या पेंगत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "यांना कशाला अडवलंत?" मी अडखळत विचारलं.

"अडवलं न्हाय, इचारलं, मास्तरांसाठी थांबताय का म्हणून. एक बी गेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी दत्तानं मायेनं मला मोटरसायकलवर बसवून आणलं. त्या दिवशी त्याला दूध मिळालं नाही. "त्यांचं चालणं काढून घेतोस व्हय रं?" मामी गरजल्या. तेव्हापासून तो रोज माझ्या उजवीकडून चाले, हात न लावता, गप्पा हाणत.

थंडी सरता सरता एके सकाळी मी पेला उजव्या हातानं तोंडाला लावला. कट्ट्यावर एकच ओरडा झाला. मामींनी फक्त पेला विसळायला मागून घेतला. माणूस कशानं उठतो हे या बाईला कुणी शिकवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

गेल्या वर्षी मामी वारल्या. तिरडी उचलताना लोकांनी मला काळजीनं बाजूला सारलं. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "सरा जरा. आई सांगून गेलीया, मास्तरांस्नी पुढं घ्या."

मी उजवा खांदा दिला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण पंचगंगेपर्यंत सगळी माणसं माझ्या चालीनं चालली.