डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीला फिट यायच्या, आणि हे घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हतं. तिच्या गोळ्यांची बाटली तूरडाळीच्या डब्यामागे असायची. शाळेतसुद्धा 'अशक्तपणा आहे' एवढंच कळवलेलं. धाकटीचं बाहेर फुटलं तर थोरलीला कोण करून घेणार, ही आईची धास्ती. थोरली म्हणजे मी. आमच्याकडे पोरींपेक्षा अब्रू जास्त जपायचे.

ऐंशीनंतरची गोष्ट. वडील ओझरच्या कारखान्यात, आई देवळ्याला माहेरी गेलेली. नऊ वर्षांच्या बहिणीचा घसा सुजला, ताप चढला, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे तिला मीच नेलं. घसा बघून त्यांनी विचारलं, "हिला दुसरं काही औषध चालू आहे का?"

बाकावर शेजारच्या काकू बसल्या होत्या. माझ्यासाठी सटाण्याचं स्थळ त्यांनीच आणलेलं; मंडळी रविवारी बघायला येणार होती. मी म्हटलं, "नाही." बहीण माझ्याकडे टकामका बघत राहिली.

घशाच्या गोळ्या सुरू झाल्या. फिटची गोळी मी रोजच्यासारखी देतच होते. तिसऱ्या दिवशी तिचा तोल जायला लागला, एकाचे दोन दिसतात म्हणाली, आणि दुपारी मोरीच्या दारात कोसळली. ही फिट नव्हती. हातपाय झाडले नाहीत, दातखीळ नाही, नुसती पांढरीफटक पडलेली. माझी पाचावर धारण बसली. काकूच धावून आल्या, रिक्षाही त्यांनीच आणली.

इस्पितळात तिच्या छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, "ठोके फार हळू पडतायत, मधेच गळतायत. एवढ्याशा पोरीला हे का व्हावं? काय काय औषधं देताय?"

काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. देवाशपथ सांगते, तेव्हाही मला आधी रविवारच आठवला. मग बहिणीचे निळसर ओठ दिसले आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

घशाच्या औषधामुळे फिटचं औषध तिच्या अंगात साचत गेलं होतं, आणि त्याचा मार हृदयावर बसला होता. दोन दिवसांनी ठोके ताळ्यावर आले. रविवारी कोणी आलं नाही. काकूंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, मीही विचारलं नाही.

बहीण आता संसारात रमली आहे. "ताईने डॉक्टरांना वेळेवर सांगितलं, म्हणून मी वाचले," असं ती येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगते. मी तिथेच बसलेली असते, आणि गप्प राहते.