भाऊजींचा कोबा

माझ्या बहिणीचे यजमान आयुष्यात कधी चुकले नाहीत. चुकली ती नेहमी दुसरी माणसं, नाहीतर वस्तू, नाहीतर हवा.

मी ताईच्या घरी वरच्या खोलीत राहते. दवाखान्यात औषधं देण्याची माझी नोकरी आहे, बाकीचा वेळ मी घरात असते आणि माझी खिडकी अंगणावर उघडते. त्यामुळे भाऊजींचं सगळं कर्तृत्व मला जवळून बघायला मिळालं आहे. वजनमापं खात्यात तीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारले. दुकानदार त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहायचे ते शिक्क्यासाठी. भाऊजींना वाटायचं, अकलेसाठी. निवृत्त झाल्यावर दुकानदार गेले, समजूत तेवढी राहिली.

हवामान हा त्यांचा खास विषय. सकाळी दात घासत अंगणात यायचे, नाक वर करून दोनदा हुंगायचे आणि सांगायचे, "आज पाऊस येत नाही." निम्म्या वेळा तो यायचा नाही, कोणीही काहीही बोललं तरी निम्म्या वेळा खरं ठरतं. आला तर म्हणायचे, "हा आपला नव्हे, पलीकडचा वाऱ्यानं इकडे आला." आम्ही त्यांच्या माघारी त्यांना वेधशाळा म्हणायचो. ताईसुद्धा म्हणायची, पण हळू आवाजात.

निवृत्तीनंतर त्यांनी पांढरी जुनी गाडी घेतली. फाटकापासून शेडपर्यंत सगळी काळी माती. जरा ओल झाली की चाकं जागच्या जागी फिरायची आणि भाऊजी आत बसून मातीला नावं ठेवायचे. शेवटी तिथे काँक्रीटचा कोबा करायचं ठरलं. गवंडी आला. वाळकुडा माणूस, बोलायला कंजूष. त्यानं माती टाचेनं दाबून पाहिली, वर आभाळाकडे पाहिलं, मग म्हणाला, "साहेब, दिवस तापलेत आणि वारा कोरडा आहे. पहाटे पाचला माल टाकू. ऊन चढायच्या आत वर ओलं गोणपाट पडलं पाहिजे. नाहीतर आठ दिवस थांबा, वारा पडू द्या."

"पहाटे पाचला? त्या वेळी लोक झोपलेले असतात, मिस्तरी."

अडचण नेमकी तीच होती. पाचला बघायला कोण येणार? भाऊजींनी गल्लीतल्या चार मित्रांना अकराला बोलावलं होतं आणि त्यांच्यासाठी सावलीत खुर्च्याही मांडून झाल्या होत्या.

"ऊन असलं की लवकर वाळतं," ते म्हणाले. "साधं शास्त्र आहे."

"वाळायला हे धुणं नव्हे, साहेब. हे पाणी पिऊन घट्ट होतं. उन्हानं पाणी ओढून घेतलं की मग पोटात काही राहत नाही."

भाऊजी हसले. तराजूचा काटा चुकलाय हे दुकानदाराला सांगताना ते असेच हसत असणार. गवंड्यानं अकराची वेळ मान्य केली. त्यालाही कामाची गरज होती.

अकराला माल पडायला लागला. गवंडी आणि त्याची दोन माणसं अर्ध्यावर पोचेपर्यंत फाटकाकडच्या टोकाला गार झालेल्या दुधासारखी साय धरली होती. वरून सपाट करायचा रंधा फिरेना, माल हाताला चिकटेना. खुर्चीतून भाऊजी म्हणाले, "पाणी घाला की जास्त, पाण्यात कसली काटकसर?" गवंड्यानं नाही म्हणून मान हलवली, तेव्हा भाऊजींनी स्वतः उठून बादली ओतली. मित्रांनी वा म्हटलं.

संध्याकाळी पाहिलं तर तळहातावर असतात तशा रेषा कोब्यावर उमटल्या होत्या. भाऊजी पोलादी पट्टी घेऊन उकिडवे बसले. "अर्धा मिलिमीटर," ते म्हणाले. "चालतं." पुढच्याच आठवड्यात गाडीचं चाक फिरलं आणि कोपऱ्याचे पापुद्रे निघाले. मग सिमेंट भेसळीचं ठरलं, वाळू मातकट ठरली, गवंडी नवशिका ठरला. त्या माणसाचे केस कोबे घालता घालता पिकले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घण आणला आणि तो रस्ता स्वतःच फोडून काढला. "माझ्या हातचं काम म्हणून हे लोकांनी बघायला नको," एवढंच तो ताईला म्हणाला.

दुसऱ्या खेपेला ऊन नव्हतं. आभाळ खाली उतरून आलं होतं.

"आता ऊन नाही, वारा नाही," भाऊजी म्हणाले. "आता तुमची काय तक्रार आहे?"

"पाऊस येईल, साहेब."

भाऊजींनी नाक वर केलं. "संध्याकाळपर्यंत येत नाही. लिहून देतो."

"लिहून नको. ताडपत्री द्या."

"ताडपत्री गाडीवर आहे. शेड गळतं, गाडी भिजेल."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताईचा आवाज आला. "पाऊस येत नाही म्हणालात ना? मग गाडी कशानं भिजेल?"

भाऊजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. हे त्यांना फार चांगलं जमतं. ताडपत्री गाडीवरच राहिली.

तीनला सर आली. नुकता सारखा केलेला कोबा, वर अजून रंध्याची ओली चकाकी, आणि त्यात टपोरे थेंब खड्डे पाडत होते. माणसं फळ्या आणि गोण्या आणायला पळाली. भाऊजी घरातून छत्री घेऊन धावत आले आणि त्यांनी ती कोब्यावर धरली. वीस पावलांचा रस्ता, एक छत्री. ते ती एक पाऊल इकडे नेत, एक पाऊल तिकडे नेत. सदरा पाठीला चिकटला होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. त्यांची मला कीव यायला हवी होती. थोडीशी आलीही. मग ते ओरडले, "मिस्तरी, तुम्ही मला आधी सांगायला नको होतं?" आणि आलेली कीव गेली.

तो कोबा देवीच्या व्रणांसारखा दिसायचा. वरचं सिमेंट वाहून गेलं होतं, खडी उघडी पडली होती. पुढचे दोन महिने भाऊजी आल्यागेल्याला सांगत होते, की आजकाल पावसालाही शिस्त राहिलेली नाही.

थंडी पडली तेव्हा भाऊजी सेवानिवृत्तांच्या अधिवेशनाला पाच दिवसांसाठी गेले. त्यांचं तिथे भाषण होतं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि ताईनं गवंड्याला फोन केला. तो आला, पण उंबऱ्यातच थांबला.

"साहेब?"

"नाहीत. तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या वेळी."

गवंडी पहिल्यांदाच आमच्याकडे खुर्चीवर टेकला. थंडीत सगळं उलटं करायचं, तो म्हणाला. पहाटे नको, ऊन येऊन जमीन जरा ऊब धरू दे. पाणी कोमट घ्यायचं आणि दुपारी दोनच्या आत हात काढायचा. संध्याकाळच्या गारठ्याआधी वर प्लास्टिक, त्यावर कोरडा पेंढा, त्यावर गोण्या. "आणि थंडीत माल आळशी होतो, बाई. सात दिवसांचं काम पंधरा दिवसांनी करतो. तोवर त्याला हात लावायचा नाही."

त्याच्या माणसांनी आधी जुना कोबा फोडून काढला. माल टाकायच्या दिवशी मी रजा घेतली. चुलीवर पाणी तापवून मी बादल्या भरत होते. ताईनं पदर खोचला आणि माल सपाट करायच्या लांब फळीचं एक टोक धरून ती मागे मागे सरकत गेली. गवंड्यानं दर चार पावलांवर आडवी रेघ कापली. "तडा जायचाच झाला तर सरळ रेघेत जाऊ दे," तो म्हणाला. खुर्च्या कोणी मांडल्या नव्हत्या. दोनला काम संपलं.

पाचव्या दिवशी भाऊजी परतले आणि फाटकाशी त्यांनी हॉर्न वाजवला. ताईनं फाटकाच्या आत फळी आडवी टाकली होती आणि ती फळीमागे उभी होती.

"गाडी पंधरा दिवस बाहेर ठेवायची," ती म्हणाली.

भाऊजी खाली उतरले. त्यांनी गोणीचा कोपरा उचलला, टाचेनं दोनदा ठोकलं. "टणक आहे. हो बाजूला."

"वरून टणक आहे."

"मला सिमेंटचं कळत नाही का?"

"नाही कळत," ताई म्हणाली.

चौतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. तिचा आवाज चढला नव्हता. भाऊजींनी साक्षीदार शोधावा तसं वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरले नाही. मग ते गाडीत बसले आणि त्यांनी ती रस्त्याच्या कडेला लावली. पंधरा दिवस रोज सकाळी ते तिच्या काचेवरचं दव पुसत होते आणि आमच्याशी बोलत नव्हते. घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

रस्ता उत्तम झाला. केसाएवढीही चीर नाही. आता भाऊजी त्यावर उभे राहून लोकांना सांगतात, "हे काम थंडीतच करावं. मी तेव्हाच ठरवलं होतं, पण मिस्तरी ऐकेनात." ताई आतून ऐकते आणि भाजी चिरत राहते. मी तिला विचारलं, की तू बोलत का नाहीस? "रस्ता झाला ना," ती म्हणाली. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

गेल्या महिन्यात त्या चार मित्रांपैकी एकानं आपल्या दारात कोबा करायला घेतला. गवंडी तोच. भाऊजी सकाळीच खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसले आणि त्यांनी त्याला वारा, ऊन, दव सगळं समजावून सांगितलं. गवंड्यानं थापी धुतली, सगळं शांतपणे ऐकलं आणि आमच्या घराकडे बघत विचारलं, "बाई आहेत का घरी?"