फ्रिस्कोच्या पाटावरची तीन पिस्तुलं

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग अमेरिकेत, फ्रिस्कोत झालं. हुकूम मुलीचा, मुदत सहा महिने, काम नातीला शाळेच्या बसपर्यंत पोचवणं. त्याआधी मी सव्वीस वर्षं पायदळात होतो. त्यातली शेवटची नऊ वर्षं कोत हवालदार. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. तिथे हत्यार देणारा आणि घेणारा दोघेही खोटं बोलत आहेत, असं धरून काम करायचं असतं. ही सवय घरात उपयोगी पडत नाही, पण जातही नाही.

त्या वर्षी दसरा गुरुवारी आला, म्हणून शनिवारी साजरा झाला. सकाळी अकराला जावई निखिलने डायनिंग टेबलावर पाट मांडला आणि त्यावर लाल कापड अंथरलं. शस्त्रपूजा होती. निखिल नागपूरचा. त्याचे दोन मित्र आले होते, पुण्याचा अनिरुद्ध आणि मुंबईची स्वाती. तिघेही सॉफ्टवेअरमधले. ग्रीन कार्ड आल्यावर वर्षभरात तिघांनी पिस्तुलं घेतली, आणि तीही आजकालची प्लॅस्टिकची नव्हेत. जुन्या घाटाची, पोलादी, अक्रोडाच्या मुठीची. सेनापतींच्या तसबिरीत शोभतील अशी. आमच्याकडे पिस्तूल अधिकाऱ्याच्या कमरेला असायचं आणि साफ आम्ही करायचो, त्यामुळे त्या शोभेचं मला फारसं कौतुक नाही.

मुलीने, मृणालने, चहाच्या वेळीच बजावलं होतं.

"बाबा, प्लीज, आज कोणाची झडती घेऊ नका. गेस्ट आहेत ते."

"विचारलं तर चालेल?"

"विचारा. पण नीट विचारा."

पाटावर तीन पिस्तुलं ओळीने ठेवली गेली. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढून शेजारी. फोटो चांगला यावा म्हणून तिन्ही नळ्या काचेच्या दाराकडे. दारापलीकडे अंगण, आणि अंगणात माझी नात सई आणखी दोन मुलींबरोबर खेळत होती. मी ते पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"यार, फोर्टी-फाइव्हचा ट्रिगर तो ट्रिगर," अनिरुद्ध म्हणाला. "शंभर वर्षांहून जुनं डिझाइन. सुधारायला काही उरलंच नाही."

"सातच गोळ्या बसतात त्यात," निखिल म्हणाला. "माझ्या नाइन एमएममध्ये तेरा बसतात. आणि ग्रिप बघ ना, हातात घेतलं की सोडवत नाही."

"तुमचे दोघांचे हातोडे आहेत," स्वाती म्हणाली. तिचं पिस्तूल बारीक, युरोपी घाटाचं. "माझं पर्समध्ये मावतं."

"पर्समध्ये लिपस्टिकपण मावते."

"मागच्या रविवारी रेंजवर तुझे दोन शॉट्स शेजारच्या टार्गेटला लागले, अनिरुद्ध. माझी लिपस्टिकसुद्धा त्यापेक्षा सरळ लागते."

मग त्यांना माझी आठवण झाली. "काका, तुमचं फेव्हरेट कुठलं?"

"कुलपात असलेलं," मी म्हणालो. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

अनिरुद्धच्या फोर्टी-फाइव्हचा घोडा मागे ओढलेला होता. मी तिकडे बोट दाखवलं.

"ते तसंच शोभतं, काका. क्लासिक लुक. सेफ्टी लावलीय."

मृणालला शब्द दिला होता, म्हणून मी नीट विचारलं. "खाली आहे ना?"

"हो काका, खालीच आहे," तो म्हणाला आणि मूठ किंचित उचलून नळी टेबलाकडे कलती केली.

निखिल म्हणाला, "झालं बाबा, खाली आहे म्हणतोय तो." त्याने हळदीकुंकवाचं ताट पुढे सरकवलं. अनिरुद्धने पिस्तूल परत दाराकडे तोंड करून ठेवलं आणि फूल उचललं.

मी उत्तर ऐकलं होतं, पण पाहिलं होतं मनगट. हत्यार रिकामं आहे असं सांगणारा माणूस नळी कुठे आहे ते बघत नाही. नागपुरात आणि पलटणीत खाली म्हणजे रिकामं. पुण्यात खाली म्हणजे खाली.

"थांब. हात काढ," मी म्हणालो.

मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी पिस्तूल उचललं, फायरप्लेसच्या विटांकडे धरलं, सेफ्टी उतरवली, स्लाइड ओढली. पितळी गोळी बाहेर पडली आणि हळदीकुंकवाच्या ताटात जाऊन थांबली. अकरा पंचवीस झाले होते.

"मॅगझिन काढलं होतं मी," अनिरुद्ध म्हणाला.

"काढलं होतंस. नळीत, चेंबरमध्ये, एक राहिली."

"तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं, नळी..."

"ठाऊक आहे. प्रश्न चुकीचा होता."

स्वातीने न सांगता आपलं पिस्तूल विटांकडे धरून उघडून दाखवलं. निखिलनेही. दोन्ही रिकामी होती. मृणाल अंगणात गेली आणि उगाच सईचे केस बांधत बसली. परत आल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं कसं?" हे मी घरी कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी सांगितलं.

उत्तरेकडच्या एका चौकीवर होतो. गस्त परतली होती आणि हत्यारं जमा होत होती. साहेबांचं पिस्तूल घेऊन त्यांचा सहायक खिडकीशी आला. रत्नागिरीकडचा पोरगा, पलटणीत तीन महिने झालेले, हिंदी अजून शाळेच्या पुस्तकातली. मी रजिस्टरमध्ये नंबर लिहीत होतो. मान वर न करता विचारलं, "खाली?"

"खाली, साब," तो म्हणाला. त्याने नळी खाली केली असणार. मी पाहिलं नाही. मी मागे मान हलवली.

मागे लान्स नाईक गजानन मोरे होता. माझी मान हलली म्हणजे हत्यार तपासलेलं, असा आमचा रिवाज. रॅकवर ठेवण्याआधी घोडा उतरवायचा, म्हणून त्याने भिंतीकडे धरून ट्रिगर दाबला. गोळी लोखंडी रॅकला लागून वळली आणि त्याच्या मानेत शिरली. सहा वाजून दहा मिनिटं. मी जखमेवर हात दाबून बसलो होतो. तो म्हणाला, "हवालदार साहेब, रजिस्टर भिजतंय." सहा चाळीसला गेला.

वय सत्तावीस. गाव कोरेगावकडचं. अक्षर सुरेख होतं, पलटणीतले निम्मे लोक घरची पत्रं त्याच्याकडून लिहून घेत. चौकशीच्या कागदांत कारण एका शब्दात आलं, निष्काळजीपणा. कोणाचा, ते लिहिलं नाही. त्या पोराची बदली झाली आणि सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं. मीही कोणाचा समज दुरुस्त केला नाही.

निष्काळजीपणा माझा होता.