परचे की कुंजी

ती हकीकत अजूनही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. इंग्रजी अमदानी होती आणि मी गोंदियाच्या ठाण्यावर फौजदार होतो. दुसऱ्या दिवशी मॅट्रिकची परीक्षा सुरू व्हायची होती. ती पास झाल्याखेरीज कॉलेजात प्रवेश नसे. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पेटी तहसिलीच्या खजिन्यात, आमच्या पहाऱ्यात होती.

सकाळची हजेरी आटोपते तोच गंज बाजारातला एक व्यापारी ठाण्यात आला. गावात व्यवहाराची बोली हिंदीच. म्हणाला, "साहब, परचे की कुंजी मेरे छोटे भाई की बेवा के पास है. अपनी आँख से देखी है."

मी वऱ्हाडातला. परचा म्हणजे प्रश्नपत्रिका आणि कुंजी म्हणजे किल्ली, एवढंच मला ठाऊक. पेटीचं सील शाबूत होतं. पण दुसरी किल्ली बाहेर फिरत असेल, तर सीलचा काय भरवसा? रोजनामच्यात नोंद केली आणि हवालदार व दोन पंच घेऊन निघालो.

ती विधवा केशोरीची, धानाच्या शेतकऱ्याची लेक. वय विशीच्या आसपास. परीक्षेसाठी वडिलांबरोबर गोंदियात खोली घेऊन राहिली होती. पोलीस दिसताच सारी आळी दारात लोटली. फुकटचा तमाशा कोण सोडतो!

"काऊन आले जी, साहेब?" वडील घाबरून म्हणाले. "पोरगी रातदिवस अभ्यास करून राह्यली. उद्या तिची परीक्षा हाये."

मी तिलाच विचारलं, "कुंजी तुमच्याकडे आहे?"

"हाये जी."

"कुठून आणली?"

"नागपूरहून दोन मंगवल्या. मोठी वापस केली, लहानी ठेवली."

हवालदाराने खुशीत मिशीवरून हात फिरवला. त्याच्या मते गुन्हा कबूल झाला होता. पण गुन्हेगार चाचरतो, नजर चुकवतो. ही माझ्याकडे सरळ बघत होती. ते मला खटकलं.

"मोठी का परत केली?"

"तिच्यात सारे जवाब आयते लिवून हायेत जी. ते पाठ करून पास झाली, त कॉलेजात जाऊन काय करू? लहानी नुसता इशारा देते. बाकी आपल्यालेच सोडवा लागते."

तिने फळीवरचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. इकडे गाइडाला कुंजी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

खबर देणाऱ्या तिच्या थोरल्या दिराचाही असाच गैरसमज झाला होता का, हे पाहायचं राहिलं. पंचनामा करून पुस्तक घेतलं आणि ठाण्यात येऊन त्याला बोलावलं. तो येताच डाफरलो, "कुंजी मिळाली. पण तिची पानं कुणी फाडली?"

"मैंने नहीं फाड़े, साहब! सारे पन्ने थे, मैंने तो..." तो थबकला. किल्लीला पानं नसतात, हे त्याच्याही ध्यानात आलं. मग खाली मान घालून म्हणाला, "घर की बहू नागपूर में होस्टल में रहेगी, तो हमारी क्या इज़्ज़त रहेगी?"

मला संताप आवरेना. खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला.

संध्याकाळी बापलेक पुस्तक न्यायला आले. "तुम्ही मोकळ्या आहात," मी म्हणालो. ती जागची हलली नाही.

"तुमी सोडलं जी. पण साऱ्या आळीनं पाह्यलं, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण गणवेशात परीक्षाकेंद्रावर गेलो आणि सगळ्या उमेदवारांसमोर केंद्रप्रमुखांना मोठ्याने सांगितलं, "या बाईंविरुद्ध पोलिसांची काही तक्रार नाही." तिने मान वर केली नाही. टाक उचलला आणि लिहायला लागली.

पुढे नोकरीभर कुणाची कबुली लिहून घेण्याआधी मी विचारत असे, वस्तू दिसते कशी ते सांगा. दोघांच्या तोंडी शब्द एकच असला, तरी मनातली वस्तू एकच असेल असं नाही. आमच्या घाईची झळ मात्र निर्दोष माणसाला बसते.

निकाल वर्तमानपत्रात आला. त्यात तिचं नाव वाचून माझे डोळे भरून आले. ती कॉलेजात गेली का, हे केशोरीला जाऊन विचारावं असं फार वाटे. गेलो नाही. तिच्या दारात पुन्हा पोलीस दिसू नये, एवढंच मला तिच्यासाठी करता येण्यासारखं होतं.