भोकाचा डबा

उपग्रहांवरच्या उपकरणांना जपणाऱ्या पेट्यांचे आराखडे करणं हे माझं काम. पूर्णपणे माझी अशी पहिली पेटी वर गेली, आणि पुढच्या आठवड्यात आतलं उपकरण सुरू करून बघायचं होतं. ते सुरू करायचं होतं त्या दुपारी मी सुट्टीवर मध्य प्रदेशात, बालाघाटला आईबाबांकडे होते. वर जाताना पेटी फाटली असेल, तर उपकरण गेलं आणि माझी अब्रूही गेली.

बाबा मात्र खुशीत. किरनापूरच्या मावशीपासून लालबर्ऱ्याच्या व्याह्यांपर्यंत त्यांनी सांगून टाकलं होतं, "पोरीचा डबा वर गेला." घर माणसांनी भरलं. शेजारची काकू आल्या आल्या म्हणाली, "बेटा, उसमें खाने का क्या भेजा?" मी हसत सुटले ते थांबेचना. भीती वाटली की मला असंच होतं.

पेटीचा प्लास्टिकचा नमुना मी आईला आधीच दिला होता. मावशीनं तो बघायला मागितला, तर आईनं स्वयंपाकघरातून आणला. आत विलायची, आणि कोपऱ्यातलं भोक कणकेनं लिंपलेलं.

माझं डोकं फिरलं. "आई, ते भोक मुद्दाम ठेवलंय."

"काहून? मुंग्या जातीन ना."

"अगं, वर हवा नसते. आतली हवा बाहेर पडली नाही तर पेटी फुगून फाटेल. करंजी तळायच्या आधी तू टोचतेस की नाही?"

"करंजी घरची असते. लोकायले कोणी भोकाची वस्तू देते का?"

सगळे हसले. आई हसली नाही. पोरीनं खोट असलेली वस्तू दिली असं कोणी म्हणेल, याचा तिनं धसका घेतला होता.

तेवढ्यात सहकाऱ्याचा फोन आला. पेटी शाबूत होती, उपकरण सुरू झालं होतं. मी बाबांचे हात धरून अंगणात गरागरा फिरले, मग मावशीला ओढलं, मग काकूला. काकूची चप्पल तुळशीत जाऊन पडली. इतका आनंद मला पेलवत नव्हता.

आई कुठं दिसेना म्हणून आत गेले. विलायची दुसऱ्या डब्यात गेली होती, आणि ती सुईनं भोकातली वाळलेली कणीक कोरून काढत होती.

"राहू दे ना आई, नमुनाच आहे तो."

"बैठकीत ठेवतो आता," ती म्हणाली. "जो येईन त्याले दाखवीन. म्हणीन, हे भोक माह्या पोरीनं ठेवलं."